भावसुनेची तहान

“दादा, आण ते तुर्की पुस्तक! चुलीतच घालतो!” माझा धाकटा भाऊ दिलीप ओसरीवर असा ओरडत होता, की अर्धं भीमपूर आमच्या दारात. आणि परातीएवढं तोंड असलेला मी खांबाआड उभा.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. भुतं मी स्वतः बनवतो हो! पैनगंगेच्या पुलावरची बिनमुंडक्याची नवरी... माझीच. तिला भिऊन दोन ट्रकवाले रस्ता बदलून गेले.

तर, तुर्कस्तानातल्या परीकथांचं एक मराठी पुस्तक हाती लागलेलं. त्यात एक शापित परी संत्र्यातून बाहेर येते आणि राजपुत्राकडे पाणी मागते. कापूस वेचणाऱ्या बायांना मी ती गोष्ट रंगवून सांगत होतो. संत्र्याचं केलं बोंड, राजपुत्राचा केला पाटलाचा पोरगा. परीचा आवाज मात्र काढला दिलीपच्या बायकोचा, कमलचा. बारीक, नाकातला. “पाणी द्या नं जी...” त्यावर पाटलाचा पोरगा, “आधी गाणं म्हण, मंग पाणी!”

बाया हसून लोळल्या. सगळ्यांनी वळून कमलकडे पाहिलं. ती माठाजवळ उभी होती, पेला ओठाला लावलेला. तिनं तो तसाच खाली ठेवला.

आमच्याकडं भासरा — नवऱ्याचा मोठा भाऊ — भावसुनेशी बोलतही नाही, थट्टा तर लांबच. ‘तोंडातून निघून गेलं’ असं मी घरी सांगितलं... खोटं. मला हशा पाहिजे होता. आवाज ठरवूनच काढला होता.

त्या दुपारपासून कमलच्या घशाखाली पाणी उतरेना. घोट घेतला की परत. आदिलाबादला नेलं, सलाईन लावली; डॉक्टर म्हणाले, घशात काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ फुटलेले — आणि ओसरीवर दिलीप.

“पुस्तक जाळून काय होते?” माझी बायको मला म्हणाली. “पाणी तुमी नाही देल्लं. आता तुमीच द्या.”

सगळ्यांदेखत पेला घेऊन आत गेलो. कमलनं पदर ओढला. मी पेला पुढं केला. “बाई, परीले पाणी द्याचं होतं. मी देल्लं नाही. चुकलो.”

ती घटाघटा प्यायली. थेंब बाहेर आला नाही. मग पदराआडून, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली: “माह्या दोघी बहिणी अशाच तहानेनं गेल्या.”

पेला माझ्या हातून पडला. पुस्तकातली परी हेच सांगते... पहिल्या दोन संत्र्यांतल्या तिच्या बहिणी पाण्यावाचून मेलेल्या असतात. मी सांगताना त्या दोघी गाळल्या होत्या, एकच परी ठेवली होती. पुस्तक कपाटात, किल्ली माझ्या खिशात. आणि कमल तेलुगू शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली; मराठी अक्षर ओळखत नाही.

जन्मभर मी वाढवून सांगत आलो. हे एक कमीच करून सांगतोय, तरी त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मान वर करून वेचणीच्या वावरातही जाववत नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोकरवी विचारलं — दोघी बहिणी म्हणजे कोण? कमल भाकर थापत होती.

“सांगा त्यायले,” ती म्हणाली, “मले बहीण नाही.”