रुमालाखालचा सौदा आणि मोबाईलमधला गद्दार

गेम बनवणाऱ्यांनी मला फसवलं. माझ्या आवडत्या सिनेमातला इमानदार दलाल त्यांनी उचलला, त्याला गद्दार केलं आणि माझ्याच घरात, माझ्याच नातीच्या हातात आणून ठेवला. मी रागीट माणूस आहे हे कळंबच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे रागाच्या भरात लिहीत नाही. राग चार महिने जुना झालाय, मुरलाय.

मी शेळ्या-बोकडांची दलाली करतो. बापाकडून मला आवाज आला, बाकी काही आलं नाही. त्या आवाजावर घर बांधलं, पोरांची लग्नं केली. दलालाचा माल म्हणजे त्याचा शब्द. तो एकदा नासला की पुढच्या बाजारी तुमच्या रुमालाखाली कोणी हात घालत नाही.

रुमालाखाली हात म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं जनावराचा भाव चारचौघांत तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याच्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. कुठली बोटं दाबली, किती दाबली, त्यावर भाव. वर तोंडानं पाऊसपाणी, सोयरीक, निवडणूक असलं काहीही चालू असतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोन हातांनाच कळतो. बोटं खोटं बोलली की दलाल संपला.

हे मी सिनेमात शिकलो. पोरगा होतो तेव्हा येरमाळ्याच्या यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध पडदा. पुढं बसणाऱ्यांना तिकीट जास्त, मागं बसणाऱ्यांना कमी. मागून चित्र तेच दिसायचं, फक्त पाटीवरची अक्षरं उलटी. मला वाचायचा कंटाळाच होता, त्यामुळं माझं काही बिघडलं नाही.

त्या सिनेमात एका ट्रक ड्रायव्हरला दरोडेखोर घाटात पकडतात. त्याची बायको गावभर हात जोडत फिरते, पण घाटात जायला कोणी तयार होत नाही. शेवटी गुरांच्या बाजारातला एक दलाल उठतो, घोडीवर बसतो आणि एकटा घाट चढतो. हातात ना काठी ना बंदूक. दरोडेखोरांच्या म्होरक्यापुढं मांडी घालून बसतो, खांद्यावरचा रुमाल पसरतो आणि विचारतो, "माणूस केवढ्याला देता?"

तंबूत एवढी शांतता झाली की बाहेरच्या पाळण्याची करकर ऐकू यायला लागली. पुढं किती तरी वेळ पडद्यावर फक्त दोन चेहरे आणि मधे हलणारा रुमाल. भाव काय ठरला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ड्रायव्हर सुटला. घोडीवर आलेला दलाल घाट उतरताना पायी चालला होता, एवढंच दाखवलं. मी तिथंच ठरवलं, व्हायचं तर असं.

नात आता सातवीत आहे. लहानपणापासून तिला जेवताना मी हीच गोष्ट सांगत आलो. ती म्हणायची, "आबा, तुम्ही त्या दलालासारखेच ना?" मी म्हणायचो, "त्याच्याहून चांगला. माझी घोडी अजून शाबूत आहे." घोडी म्हणजे माझी मोटारसायकल.

मग त्या सिनेमावरचा गेम आला. जुने सिनेमे घेऊन गेम काढायची आता टूम निघालीय. नातीनं बापाच्या मोबाईलवर तो घेतला. दोन दिवस घरात ट्रकचा आवाज घुमत होता. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो तर ही समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"आबा, तुमचा दलाल गद्दार निघाला."

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणंल? म्या सोता बघितलं. त्यानं ड्रायव्हरला दरोडेखोरांना विकलं. पोटाशी बंदूक लपवली होती. मग म्या त्याला उडवला."

"तू? दलालाला उडवलास?"

"लई पॉइंट मिळाले," ती म्हणाली.

मी घास परत ताटात ठेवला. माझी बायको चुलीपुढून म्हणाली, "आधी जेवा. मेलेला दलाल काही पळून जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी तो मोबाईल हातात घेतला. कोणावर आरोप करायचा तर माल बघून करावा. नात शेजारी बसून दाखवत होती. खेळणारा स्वतःच ड्रायव्हर; ड्रायव्हरची बायको गेममध्ये नव्हतीच. गाणी गेली. म्होरक्या सिनेमात किडकिडीत, दम्यानं खोकणारा माणूस होता. गेममध्ये त्याला रेड्याएवढा केला होता आणि डोक्यावर एक लाल पट्टी; गोळ्या लागल्या की ती पट्टी कमी व्हायची. दलालाची झाली होती टपरी. टपरीत बंदुका, डिझेल, टायर. प्रत्येकावर भाव लिहिलेला. बोट लावायचं, वस्तू घ्यायची.

"रुमाल कुठाय?"

"न्हाय."

"मग घासाघीस कशी करायची?"

"करायचीच न्हाय, आबा. एकच भाव असतो."

मला हसू आलं. एकच भाव असलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मी तिला म्हणालो, "तू अजून लहान आहेस. बघ आता." टपरीपुढं उभा राहिलो, बंदूक बघितली, घेतली नाही, आणि पाठ फिरवून चालायला लागलो. बाजारात हा हुकमी डाव आहे. गिऱ्हाईक उठलं की मागून हाक येतेच. कोणी दहा पावलांवर मारतं, कोणी वेशीपर्यंत जाऊ देतं, पण मारतं.

मी चालत राहिलो. नात म्हणाली, "आबा, कुठं निघालात?"

"गप बस. हाक मारंल आता."

"तो न्हाय मारत हाक!"

"सगळे मारतात."

मी ओढा ओलांडला, बाभळी ओलांडल्या. कोणी हाक मारली नाही. पुढं चारी बाजूंनी दरोडेखोर आले आणि बंदूक न घेतलेल्या माझ्या ड्रायव्हरला त्यांनी जागेवर आडवा केला. नात जमिनीवर लोळून हसली. तिची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "लग्नातबी तुमचे आबा असेच रुसून निघाले होते. आमीबी हाक मारली न्हाय. आपापले परत आले."

हसण्यावारी गेलं असतं. पण आठवडी बाजाराला नात माझ्याबरोबर आली, सुट्टी होती म्हणून. माकणीकडचा एक जुना गिऱ्हाईक शेतकरी बोकड बघत होता. मी रुमाल पसरला. तेवढ्यात ही सगळ्यांदेखत विचारते, "आबा, तुम्ही दोन्हीकडून घेता ना?"

भोवतीची माणसं खदखदली. शेतकरी डोळे मिचकावून म्हणाला, "पोरीनं बरोबर नस धरली, दलाल!"

दलाली दोन्हीकडून घेतात, तो रिवाज आहे, दोघांना माहीत असतं. पण तिच्या विचारण्यात रिवाज नव्हता. तिच्या नजरेत टपरीतला तो माणूस होता, पोटाशी बंदूक लपवलेला. सौदा झाला, पण माझी बोटं त्या दिवशी थंड होती. परत येताना ती मोटारसायकलवर मागं बसली आणि एरवी धरते तसा माझा सदरा धरला नाही, सीटचा दांडा धरला. मला हे कोणाला सांगता येईना. बाजारातल्या कुठल्याही माणसानं मला गद्दार म्हटलं असतं तर मी त्याला तिथंच उभा चिरला असता. हिला काय करणार?

मी थेट मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा हुशार आहे, गेममधलं त्याला कळतं. त्याला म्हणालो, "दलालानं या गेमवाल्यांचं काय घोडं मारलं होतं?"

तो म्हणाला, "मामा, सिनेमात तुम्ही बघत बसता. गेममध्ये खेळणाऱ्याला काहीतरी करायला पायजे. दलालानं बसून सौदा केला तर खेळणाऱ्यानं काय करायचं, जांभया द्यायच्या? म्हणून दलालाला गद्दार करायचं. मग पाठलाग आला, गोळीबार आला."

"आणि ड्रायव्हरची बायको?"

"ती गोळ्या मारत न्हाय."

त्याचं म्हणणं धंद्याच्या हिशेबानं मला पटलं. गिऱ्हाईकाला धावायचंय, तर धावायचा माल विकावा. बोटं दाबत बसलेला माणूस खेळायला कोणी घेणार नाही, हेही खरं. पण मग नाव बदला! बाजारात आमची काळीभोर, उंच, लांब कानांची उस्मानाबादी शेळी दाखवायची आणि टेम्पोत दुसरीच चढवायची, असं कोणी केलं तर त्याला बाजाराबाहेर काढतात. इथं वर सिनेमाचं नाव, सिनेमाचं चित्र, आत दुसराच माल. वर मलाच सांगतात, असंच असतं.

शेवटी नातीला म्हणालो, "मूळ सिनेमा काढ." तिनं मोबाईलवर शोधला. सगळा मिळाला नाही. गाणी मिळाली, मारामारी मिळाली आणि बऱ्याच शोधानंतर, कोणीतरी चढवलेला, धुरकट झालेला, रुमालाचा प्रसंग मिळाला. मी, नात आणि बायको, तिघं पलंगावर ओळीनं बसलो. दलाल मांडी घालून बसला. रुमाल पसरला. "माणूस केवढ्याला देता?"

नातीनं चित्र थांबवलं. "आबा, हा उजवा हात घालतोय."

"मग?"

"तुम्ही डावा घालता."

खरं होतं. मी डावरा नाही. जेवतो उजव्या हातानं, भांडतो उजव्या हातानं, पण सौदा आयुष्यभर डाव्या हातानं केला. बाजारात जुने लोक नाक मुरडायचे, नवे हसायचे. मी म्हणायचो, दलालाची रीतच तशी आहे. आता कळलं, मी पडद्याच्या मागं बसलो होतो. मागून त्याचा उजवा हात मला डावा दिसला आणि मी तोच उचलला.

बायको पदरात तोंड घालून हसत होती. ती त्याच यात्रेत, त्याच तंबूत, पुढच्या बाजूला बसली होती. तेव्हा आमची ओळखही नव्हती. म्हणाली, "आन् त्या घोडीचं एवढं कौतुक सांगता, बघा नीट. लंगडतीया ती. त्यानं लंगडी घोडी दरोडेखोराच्या गळ्यात मारली."

"म्हणून तर तो दलाल!" मी ओरडलो.

नात म्हणाली, "म्हणजे आबा, सिनेमा तर तुम्हीपण बदललात की!"

"हात बदलला. इमान न्हाय बदललं."

पुढच्या बाजाराला ती स्वतःहून तयार होऊन मोटारसायकलपाशी उभी राहिली. त्या दिवशी एका पाटीचा, म्हणजे अजून न व्यालेल्या शेळीचा, सौदा चालू असताना मी तिचा हात रुमालाखाली ओढला, माझ्या आणि विकणाऱ्या म्हातारीच्या हाताच्या मधे. म्हातारीनं बोटं दाबली, मी दाबली. मग तोच हात घेणाऱ्याच्या हातात दिला. जो भाव म्हातारीच्या बोटांनी कबूल केला तोच तिकडं गेला, कणभर इकडं-तिकडं नाही. पोरीचे डोळे मोठे झाले. भोवतीची माणसं विचारत होती, "काय गं, काय ठरलं?" तिनं ओठ घट्ट मिटले. घरी आजीनं विचारलं तरी सांगितलं नाही. येताना तिनं माझा सदरा धरला होता, मुठीत, चुरगळेपर्यंत.

गेम ती अजून खेळते. खेळू दे, ट्रक चांगला चालवते. पण दलालाची टपरी आली की मोबाईल आजीच्या हातात देते आणि तोंड फिरवते. दलालाला मारल्याशिवाय गेम पुढं जात नाही म्हणे. आजी चष्मा लावून, माझ्याकडं बघत, अगदी मन लावून गोळ्या घालते.

माझ्या घरातलं भांडण मिटलं. पण कळंबमध्ये, तुळजापुरात, गावोगाव मोबाईल घेऊन बसलेल्या पोरांना कोण सांगणार? त्यांच्या घरात डाव्या हाताचा म्हातारा नाही. त्यांना तो दलाल कायमचा गद्दार. म्हणून हा गेम ज्यानं लिहिला त्याला माझं सांगणं आहे: कुठल्या तरी खोलीत बसून, कुठल्या तरी दिवशी तू ठरवलंस की हा माणूस शब्द मोडेल. त्यानं सिनेमात कुठं शब्द मोडला ते मला दाखव. दाखवता येत नसेल तर कळंबच्या बाजाराला ये, माझ्यापुढं मांडी घालून बस, रुमालाखाली हात घाल आणि सांग, माझा दलाल तू केवढ्याला विकलास?