नक्षत्रे सरांचं आभाळ

सेलूच्या आमच्या शाळेत आकाश शिकवावं तर ते नक्षत्रे सरांनीच. काळ्या फळ्यावर खडूचे ठिपके देत ते मृग काढायचे, त्याच्या पोटात तिकांडं, म्हणजे ते ओळीतले तीन तारे, मग वरच्या अंगाला कृत्तिकांचा घोस. शेवटच्या बाकावरची कार्टीसुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहायची. नक्षत्रे हे नावही पोरांनीच ठेवलेलं. खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. आणि या माणसानं उभ्या आयुष्यात एकही तारा पाहिलेला नव्हता.

सरांना जन्मापासून रातांधळेपणा होता. गाजर-पपई खाऊन जाणारा नव्हे, डोळ्याच्या पडद्याचाच आजार. दिवस मावळला की आपल्याच घरात ते भिंत धरून चालायचे. ताट वाढायची आपली जुनी रीत त्यांच्या फार कामी यायची. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, त्यामुळे कंदिलाच्या उजेडात जेवताना पाहुण्याला शंकाही येत नसे. संध्याकाळी ते कुणाकडे जात नसत, म्हणून गावानं त्यांना गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. सरांनी तो आळ आनंदानं अंगावर घेतला होता. कीव करून घेण्यापेक्षा तो त्यांना परवडत होता.

मला हे कळलं ते त्यांच्या घरात राहायला गेल्यावर. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनातले ते दिवस. मी शिक्षक म्हणून नुकताच बदलून आलेला, आणि माझं आडनाव ऐकलं की घरमालकाला हटकून आठवायचं की खोली तर कालच दुसऱ्याला कबूल केली. शिक्षकांच्या खोलीत सर म्हणाले, "आमच्या माळवदावरची खोली रिकामी हाय. जिना अरुंद हाय, तेवढं सांभाळा." भावकीत कुरकुर झाली. एक चुलते घरापर्यंत आले. "तुमाला पाहिजे का खोली?" सरांनी विचारलं. चुलते नाही म्हणाले. "मंग ज्याला पाहिजे त्याला दिली," म्हणून सरांनी चहा सांगितला. मी वरून हे ऐकत होतो. त्या दिवशी मला सेलू पहिल्यांदा आपलं गाव वाटलं.

सरांचं मूळ गाव पेडगाव. लहानपणी सगळी भावंडं वडिलांबरोबर खळ्यावर झोपायला जायची. "आण्णा बोट करून इचारायचे, दिसलं का रे तिकांडं? सगळे भाऊ हो म्हणायचे. मंग मीबी हो म्हणायचो," सर सांगत होते. "लय वर्सं मला वाटायचं, हे सगळे माझ्यासारखेच नुसतं हो म्हणायलेत."

हे सांगून ते खूप हसले. मला हसता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की आता दिवसाची नजरही कडेकडेनं मिटत जाणार. किती दिवस राहील ते सांगता येत नव्हतं. दुसरा कुणी देवदेव करत बसला असता. सर म्हणाले, "मला रात्री दिसत न्हाई. पण रात्रीचा फोटो दिवसा बघायला काय हरकत हाय?"

मग त्यांनी कॅमेरा सज्ज केला. रोलचा एक जुना लहानसा कॅमेरा होता, बटण दाबून धरलं की उघडा राहणारा. पण तारे सरकतात, त्यामुळे फोटोत ठिपक्यांऐवजी रेघा येणार. सुताराकडून त्यांनी दोन फळ्या घेतल्या, दाराची बिजागरी लावून त्या पुस्तकासारख्या जोडल्या आणि मधे एक लांब स्क्रू बसवला. स्क्रू हळूहळू फिरवला की कॅमेरा बसवलेली वरची फळी आभाळाच्या चालीनं उघडत जायची. बिजागरीचं तोंड ध्रुवाकडे हवं. ते काम सरांनी भर दुपारी केलं. माळवदावर काठी रोवून तिच्या सावलीवरून उत्तर दिशा काढली आणि सेलूच्या अक्षांशाएवढा चढ कंपासपेटीतल्या कोनमापकानं दिला. जो तारा आपल्याला कधी दिसला नाही त्याच्यावर त्यांनी उन्हात नेम धरला, आणि तो चुकला नाही.

राहिलं कॅमेऱ्याचं तोंड योग्य जागी वळवायचं काम. ते माझ्याकडे आलं. पौषातली अवस, जेवणं झालेली, लाइट गेलेली. गजराचं घड्याळ कानाशी धरून सर त्याच्या टिकटिकीवर स्क्रू फिरवत होते. "आता काय दिसायलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तारे." "सर, तुमी मराठी शिकवता ना?" ते म्हणाले. "मंग नीट सांगा की." तोपर्यंत मी आभाळाकडे कधी नीट बघितलं नव्हतं. त्या रात्री मला कृत्तिकांमधला निळा रंग पहिल्यांदा दिसला, आणि तोही दुसऱ्याला सांगायचा होता म्हणून.

रोल धुवायला स्टेशन रोडवरच्या मोईनभाईंच्या स्टुडिओत दिला. मोईनभाईंचा हात म्हणजे फोटोतल्या नवरदेवाच्या तोंडावरचे देवीचे वण घालवणारा. चार दिवसांनी त्यांनी फोटो समोर ठेवला. काळाकुट्ट. एक ठिपका नाही.

"निगेटिव्हवर लय कचरा होता सर," मोईनभाई अभिमानानं म्हणाले. "ब्लेडनं एकेक दाणा खरडून काढला. दो रोज गए, पण आता बघा, बिल्कुल साफ."

मी घाईनं निगेटिव्ह उजेडात धरून बघू लागलो. सरांनी मात्र मोईनभाईंचा हात धरला. "लय दाणे होते?"

"बेहिसाब, सर."

"म्हणजे तारे आले होते," सर माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मोईनभाईंना सगळं समजल्यावर ते बिचारे कपाळावर हात मारून खालीच बसले. सरांनीच त्यांना उठवलं.

पुढच्या अवसेला ढग आले, त्यानंतर कृत्तिका पश्चिमेला उतरल्या. आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणं आलं, आणि डोळे थांबायला तयार नव्हते. दिवाळीपर्यंत सरांची नजर कुलपाच्या भोकातून बघावं तेवढी उरली. फळ्यावर एक अक्षर दिसलं तर पुढचं दिसत नसे. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रोज संध्याकाळी माळवदावर जाऊन कृत्तिका उगवल्या का ते पूर्वेकडे बघून यायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या.

पण थंडी वेळेवर आली, आणि अवसेला आम्ही पुन्हा फोटो काढला. या वेळी मोईनभाईंनी निगेटिव्हला बोटही लावलं नाही, चांगला मोठा फोटो करून स्वतः घरी आणला. सर अंगणात भर उन्हात बसले. फोटो डोळ्याजवळ धरून तो तसूतसूनं सरकवू लागले, कारण एका वेळी त्यांना नखाएवढंच आभाळ दिसत होतं. तिकांडं सापडलं तेव्हा ते थांबले. मग वर, मग आणखी वर, कृत्तिकांपर्यंत. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. फोटो मांडीवर ठेवून सरांनी मला विचारलं, "हे एवढे रोज असतात?"

"रोज, सर."

"आन लोक घरात जाऊन झोपतात?"

सरांनी फोटो पुन्हा डोळ्याजवळ धरला.

दीड-दोन वर्षांत त्यांची नजर पूर्ण गेली. तोवर माझी गंगाखेडला बदली झाली होती, पण सेलूला जाणं होई. गेलो की सर माळवदावर न्यायला लावायचे आणि म्हणायचे, "सांगा." मी पूर्वेपासून सुरुवात करायचो. असंच एकदा गेलो तर आभाळ गच्च भरलेलं, एक तारा दिसेना. सर खाटेवर बसून वाट बघत होते. त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी समोरच्या काळोखाकडे बघत सांगू लागलो. रोहिणीचा तांबूस रंग, मृगाचे चार पाय, तिकांड्याची तिरकी ओळ, व्याधाची थरथर, सगळं जिथल्या तिथं. सरांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आज ढग हायत," मग ते म्हणाले. "हवा कोंदट हाय, मला कळायलंय की."

त्यांनी चाचपून माझा हात हातात घेतला.

"मंग आता तुमालाबी न बघता दिसायलंय," ते म्हणाले, आणि समाधानानं खाटेवर आडवे झाले. ती आमची शेवटची भेट.