सांगून दिलेला धक्का

मॅडम लॅबमध्ये आल्या की पिशवी टेबलावर ठेवायच्या, चष्मा ओढणीला पुसायच्या आणि समोर जे यंत्र उभं असेल त्याला धक्का द्यायच्या. नमस्कार-चमत्कार नंतर. नुकतंच दोन पायांवर उभं राहायला शिकलेलं यंत्र असो की चार चाकांची गाडी, मॅडमचा तळहात बसायचाच. यंत्र सावरलं तर “हं” म्हणायच्या. पडलं तर जास्त खूश व्हायच्या.

“पडायचं तर इथं पड, माझ्यासमोर पड,” हे त्यांचं पालुपद होतं.

आंबेगाव तालुक्यातल्या एका माळावर आमच्या विद्यापीठाची रोबोटिक्सची लॅब आहे. खिडकीबाहेर कांद्याची वावरं आणि आत कंट्रोल सिस्टीमची गणितं. मी तिथं प्रोग्राम लिहितो. मॅडम आमच्या प्रमुख होत्या आणि जुन्नरहून रोज एसटीनं यायच्या. कंट्रोल म्हणजे काय, असं कुणा पाहुण्यानं विचारलं तर बाकीचे प्राध्यापक फळ्याकडे वळतात. मॅडम पाहुण्यालाच ढकलायच्या. तो बिचारा दोन पावलं हेलपाटून सावरला की म्हणायच्या, “आत्ता तुमच्या पायांनी जे केलं ना, ते. आम्ही यंत्राला तेवढंच शिकवतो.” मोठमोठे साहेब त्यांच्यापासून हातभर लांब उभे राहायचे, त्याचं कारण नुसता आदर नव्हतं.

तुम्ही आमच्याकडे आला असता तर तुम्हाला यंत्रांच्या आधी गाद्या दिसल्या असत्या. जाडजूड, कापसाच्या, निळ्या पट्ट्यांच्या. यंत्रं आपटू नयेत म्हणून खाली अंथरलेल्या. नवा पाहुणा त्या गाद्यांकडे बघून मग आमच्याकडे बघायचा. फुकटच्या पगारात झोपा काढतात लेकाचे, असंच त्याला वाटत असणार. त्या गाद्या मॅडमच्या वडिलांनी, म्हणजे अब्बांनी भरलेल्या होत्या. जुन्नरच्या बाजारातल्या एका गल्लीत त्यांचं कापूस पिंजायचं दुकान होतं. निम्म्या जुन्नरच्या लेकी त्यांच्या गाद्या घेऊन सासरी गेल्या असतील.

मग अब्बांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालायला लागले. दोनदा गल्लीतच पडले, लोकांनी उचलून घरी आणलं, आणि त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडायचं सोडून दिलं. हे सगळं मॅडम आम्हाला डबा खाताना सांगायच्या, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा आवाजात.

त्याच सुमारास लॅबमध्ये नवं काम सुरू झालं. कमरेला पट्टा, पट्ट्यामागं चाकांवर चालणारी चौकट. माणसाचा तोल गेला की मोटरी त्याला धरणार. सांगायला ते सगळ्याच म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. ते खरं कुणासाठी आहे हे आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं.

काम सोपं नव्हतं. चौकट फार चपळ केली की ती नुसती थरथरत बसायची, आणि जरा दमानं घे म्हटलं तर माणूस गादीवर पोचल्यावर तिला जाग यायची. मधली वाट सापडेपर्यंत मॅडमनी पट्टा बांधून आम्हा सगळ्यांना ढकललं. पुढून, मागून, हातात चहाचा कप असताना. आधी सांगून कधीच नाही. “सांगून दिलेला धक्का हा धक्काच नव्हे,” असं त्यांचं म्हणणं.

आमचा फिटर बबनभाऊ महाळुंगे पडवळचा. अंगानं दांडगा, म्हणून पट्टा बांधायची पाळी वरचेवर त्याच्यावर यायची. त्याच्या घरी अजून मेंढरं आहेत. एकदा गादीवरून उठून कपडे झाडत तो म्हणाला, “मॅडम, आमचा एडका बी आधी मान खाली घालतो, मंग धडक देतो. तुमी तेवढं बी करत न्हाई.”

“तुझ्या एडक्याला निष्कर्ष लिहायचे नसतात, बबन,” मॅडम म्हणाल्या आणि त्याला परत ढकललं.

अखेर चौकट आम्हा सगळ्यांना धरायला लागली. डॉक्टरांनी होकार दिला आणि एका सकाळी अब्बा रिक्षातून लॅबमध्ये आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. एवढ्या मेहनतीनं केलेल्या यंत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. काठीच्या टोकानं गादी दाबून बघितली.

“कापूस बसलाय,” ते मला म्हणाले. “उन्हात टाकत न्हाय वाटतं कुनी.”

बापलेक घरी हिंदीत बोलायचे. त्या दिवशी मात्र अब्बा लेकीशीही मराठीतच बोलले, आम्हालाही ऐकू जावं म्हणून असेल. बबनभाऊनं त्यांना पट्टा बांधला. अब्बा गाद्यांच्या मधून भिंतीपर्यंत चालत गेले, वळले, परत आले. पाय ओढत होता, पण चाल थांबली नाही.

राहिला होता फक्त धक्का. तो दिल्याशिवाय चाचणी पुरी धरायची नाही आणि चौकट कुणाच्या घरी पाठवायची नाही, हा नियम मॅडमनीच केलेला. त्या अब्बांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. हात वर गेला आणि तिथंच राहिला. मग तो त्यांनी ओढणीला पुसला.

“बास,” त्या म्हणाल्या. “चांगलं चाललंय. बंद करा.”

बबनभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मॅडमच्या तोंडून असलं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

अब्बांनी मान वळवली नाही. “ढकल की,” ते म्हणाले.

“आज नको, अब्बा.”

“सगळ्यांना ढकलतीस म्हनं. मलाच का न्हाय?”

“तुम्ही पडाल.”

“पडंन की. गाद्या माज्याच हायत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, तुला भ्या वाटतं म्हन्ल्यावर मी कुनाच्या भरवशावर गल्लीत जाऊ? मंग आपला उंबराच बरा.”

मॅडमनी दोन बोटांनी त्यांच्या पाठीला स्पर्श केला.

“माशी बसली का काय?” अब्बा म्हणाले.

तेव्हा मॅडमनी डोळे मिटले आणि आम्हाला द्यायच्या तसा, पुऱ्या तळहाताचा धक्का दिला. चौकट खडखडली. अब्बा एका अंगाला कलले, टोपी उडाली, चांगला पायही जमिनीवरून सुटला. क्षणभर ते पट्ट्यात नुसते लोंबकळत होते. मग चौकटीनं त्यांना हळूहळू, हिसका न देता उभं केलं. त्यांनी पाय टेकला, जमीन चाचपली आणि “हं” म्हणाले. मॅडमचं ते “हं” कुणाकडून आलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं.

मॅडम गादीवर बसल्या आणि आमच्यादेखत हुंदके देऊन रडल्या. बबनभाऊनं टोपी उचलली आणि ती कुणाला द्यावी हे न सुचून स्वतःच धरून उभा राहिला. माझेही डोळे भरून आले होते.

पट्टा बांधून, चौकटीसकट अब्बा परत दुकानात जाऊन बसायला लागले. सुरुवातीला मॅडम त्यांच्या मागून चालायच्या, पण हात मुद्दाम पाठीशी बांधून. लोक म्हणायचे, काय बाई आहे, बापाला धरत नाही.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. दुखणं थोडक्या दिवसांचं होतं. आम्ही भेटायला जायचं ठरवेपर्यंत सगळं आटोपलं. लॅब चालू आहे. धक्का द्यायलाही आता एक यंत्र आणलंय, ते दर वेळी मोजून सारखाच धक्का देतं. काम अचूक होतं. मला ते यंत्र अजिबात आवडत नाही.

परवा जुन्नरला कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा अब्बांना भेटलो. त्यांनी दुकानात चहा पाजला. निघालो तर एसटी स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणाले. वाटेत रस्ता उखडलेला होता, तिथं मी नकळत त्यांच्या दंडाकडे हात नेला.

“हात नको लावू, भाऊ,” ते म्हणाले. “ती लावत नव्हती.”

मी हात मागं घेतला.

मला गाडीत बसवून ते परत फिरले. खिडकीतून त्यांची टोपी दिसत होती. बाजाराच्या गर्दीत एका मोटरसायकलचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि ते कलले. मी जागेवरून उठलो. चौकटीनं त्यांना धरलं, सरळ केलं. अब्बा लगेच चालायला लागले नाहीत. मागं कुणीतरी उभं असावं तसे, मान न वळवता, थोडा वेळ तिथंच थांबले. मग गेले.