मास्तरांनी मापाने आणलेला तवा

मास्तरांनी शाळा जेमतेम पाहिली होती, पण गळ्यात टेप अडकवलेल्या माणसाला लोक मास्तरच म्हणतात. लग्न त्यांनी केलं नाही. लग्नसराईत दुसऱ्यांचे सूट वेळेवर देण्याच्या गडबडीत ते राहूनच गेलं. घर चालायचं थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, जिवावर. नवरा गेल्यावर अक्का आठवडाभरासाठी म्हणून भावाकडे आली होती. त्या आठवड्याला आता पंचवीसेक वर्षं होत आली.

मग इमारतीतला गॅस बंद झाला आणि घरोघरी काचेची इलेक्ट्रिक शेगडी आली. काळी, गुळगुळीत. बटण फिरवलं की आत लाल वर्तुळ उजळायचं. पण अक्काची भांडी ठोके खाल्लेली, गोल बुडाची. दुधाचं पातेलं काचेवर भोवऱ्यासारखं डुलायचं. पोक आलेल्या जुन्या तव्याचं नेमकं पोटच तेवढं टेकायचं, मग आम्लेट मधोमध कोळसा आणि कडेला कच्चं.

"ही शेगडी नाही, आरसा आहे," अक्का म्हणाली. "यात तोंड बघावं. स्वयंपाक करू नये."

आणि तिने लेकीला फोन लावला. लेकीकडे अजून गॅस होता. ती केव्हाची म्हणतच होती, आई इकडेच ये. अक्काने माळ्यावरची बॅग खाली काढली.

आयुष्यभर लोकांच्या छातीची मापं घेतलेल्या मास्तरांना स्वतःच्या छातीत काय होतंय ते सांगता येईना. ते एवढंच म्हणाले, "मी जरा बाजारात जाऊन येतो."

निघण्यापूर्वी मात्र त्यांनी गार शेगडीवर पातळ कागद ठेवला, काचेवर छापलेलं वर्तुळ खडूने आखून घेतलं आणि कातरलं. दुकानात एकेक तवा उलटा करून बुडावर पट्टी आडवी धरायची आणि फटीतून उजेड दिसतो का बघायचं, असं सुरू झालं.

"मास्तर, तवा घेताय की मुलगी बघताय?" दुकानदार म्हणाला.

"बूड सपाट हवं. इस्त्री नीट टेकल्याशिवाय चुणी जाते का? आमची नवी शेगडी म्हणजे उताणी इस्त्री आहे."

"मग हा घ्या, जाड बुडाचा." दुकानदाराने त्यावर कागद ठेवला. "बघा, मापात बसला!"

"म्हणूनच नको. थोडा मोठा द्या."

नेमक्या मापाला कापड कापणारा शिंपी भिकेला लागतो, हे मास्तरांना उस्तादांनी कान पिळून शिकवलं होतं. चहूबाजूंनी दोन बोटं जास्त सोडायची. पुढेमागे कामी येतात.

नवा तवा काचेवर टेकला तो हललाही नाही. अक्काने भुवया उंचावल्या. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी घरात कोणाला मिळालेली नव्हती. तिने आम्लेट टाकलं. मधला भाग सोनेरी झाला. भोवती दोन बोटं रुंदीची कड तशीच ओघळत राहिली.

अक्काने एकदा तव्याकडे, एकदा खालच्या वर्तुळाकडे पाहिलं.

"मोठा का आणलास रे?"

"दोन बोटं जास्त घेतली."

"कशाला? तवा काय अंगाने भरणार आहे?"

"सवय," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

अक्का हसायला लागली. हसून हसून उभं राहवेना, तेव्हा ती मटकन बॅगेवरच बसली. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, उद्या गाडी घेऊन येऊ ना?"

"उद्या नको. उद्या तवा आणायला जायचंय."

"मग परवा?"

"परवा पातेलं. अगं, याला एकट्याला सोडलं तर हा चहाचा कपसुद्धा ढगळ आणील. तुझा गॅस असू दे तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी अक्काने कागद स्वतःच्या हातात ठेवला आणि मापाचा तवा आणला. वापरलेला मोठा तवा दुकानदार परत घेईना. त्यावर आता मास्तरांची गरम इस्त्री टेकते. चहूबाजूंनी दोन बोटं जागा उरते.

बॅग माळ्यावर गेली. ती चढवायला मास्तर स्टुलावर इतक्या घाईने चढले की अक्काला स्टूल धरावं लागलं.