झिंग्याच्या पिल्लाचं माप

सौंसरपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी पंच्याऐंशीच्या सुमाराला आमच्या कॉलेजातले झुऑलॉजीचे सर बरणीत मीठ कालवून समुद्री झिंग्यांची पिल्लं वाढवत. शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी सहायक होतो, तिथून बघायचो. पिल्लू रोज किती वाढलं, ते सर मायक्रोस्कोपातल्या बारीक पट्टीवर मोजायला बसत. पिल्लू पट्टीवर यायचं आणि निसटायचं. एक डोळा मिटून सर त्याची समजूत घालत, "बस ना बाप्पा घडीभर! कोन मारून राह्यलं तुले?"

खरं तर मारायलाच हवं होतं. फॉर्मॅलिनचा एक थेंब टाकला की पिल्लू निपचित आणि माप पक्कं. विभागप्रमुखांनी बजावलंच होतं, शनिवारपर्यंत मापं द्या, नाहीतर बरण्या रिकाम्या करा. सरांनी फॉर्मॅलिनची बाटली माझ्या कपाटात आणून ठेवली. "मेल्यावर कायची वाढ मोजाची?"

शनिवारी प्रमुख येऊन उभे राहिले. तेवढ्यात एक पिल्लू पट्टीवर आलं आणि चक्क थांबलं. "थांबलं!" म्हणत सरांनी आनंदानं टेबलावर अशी थाप मारली, की पिल्लू पसार.

"माप?" प्रमुखांनी विचारलं.

मायक्रोस्कोपावरचा डोळा न काढता सर म्हणाले, "मस्त पळून राह्यलं, साहेब!"