डब्याचा पासवर्ड

आमच्या कॉम्प्युटरला घरात सगळे डबा म्हणतात. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा खिडक्यांच्या ग्रिलचा गाळा होता, तिथं तो बिलं छापायचा. गाळा बंद केला तेव्हा वेल्डिंगचं मशीन विकलं, कटर विकला, डबा घरी आणला. बटण दाबून मी दाढी करून यायचो तरी हा आपला गोल गोल फिरतोय.

मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या. मी लॅपटॉप आणतो."

"माझ्या घरातली चालू वस्तू भंगारात जात नाही."

"चालू?" म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला लागलं.

समोरच्या रो-हाऊसमध्ये माझा एक दोस्त राहतो. त्याचं आयुष्य टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलं, आता कॉम्प्युटर खोलून बसतो. त्यानं येऊन डबा पाहिला. "म्हातारा नाही झाला रे हा. डोक्यावर ओझं जास्त झालंय. हलकी सिस्टीम टाक. लिनक्स म्हणतात. फुकट असते, कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरचे लोक मिळून बनवतात. तुला हवी तशी वाकव."

"वाकव म्हणजे?"

"ग्रिल वाकवायचास ना, तशी."

हे मला कळलं. त्यानं पेनड्राइव्ह लावून सिस्टीम टाकून दिली आणि चहा पिऊन गेला. पुढचं सगळं मी केलं.

मी चौथी पास. इंग्रजी मला दुकानांच्या पाट्यांपुरतं येतं. पण या सिस्टीमला मराठी येत होतं. मी बाजारातून मराठी अक्षरांचे स्टिकर आणले आणि कीबोर्डच्या बटणांवर चिकटवले, खालचं इंग्रजी पार झाकून टाकलं. मग वाकवायला बसलो. खालची पट्टी डाव्या बाजूला उभी केली. घड्याळ काढलं, भिंतीवर एक आहे तेवढं पुरे. इंटरनेटच्या चित्राखाली 'दुनिया' लिहिलं, व्हिडिओ कॉलच्या चित्राखाली 'लेक'. कचरापेटीला 'भंगार' म्हणायचं होतं, ते मात्र ऐकेना. आमचा थोडा वाद झाला. अक्षरं एवढी मोठी केली की बायकोला चष्म्याशिवाय वाचता यावीत. वर कोपऱ्यात एक छोटा तिरंगा होता, मराठी कीबोर्ड चालू असल्याची खूण. तो मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवला. आणि डबा आता चहा गाळेपर्यंत सुरू होऊ लागला. झकास.

आमची मुलगी मस्कतला असते. तिला नुकतीच मुलगी झाली होती. फोनवर नातीचं तोंड चिंचोक्याएवढं दिसायचं. बायको फोन डोळ्याला चिकटवून म्हणायची, "नाक कुणावर गेलंय तेच कळत नाही." मी शब्द दिला की रविवारी दुपारच्या बारशाला नात माझ्या पडद्यावर मोठी दिसेल.

मुलगा म्हणाला, "नाही दिसली तर सोमवारी डबा भंगारात. कबूल?"

"कबूल."

शनिवारी मी एक काम केलं. दोस्तानं पासवर्ड ठेवला होता एक-दोन-तीन-चार. असलं कुलूप माझ्या दाराला शोभत नाही. मी नवीन ठेवला, मराठीत, न विसरण्यासारखा. बायको मला तोंडावर 'अहो' म्हणते, पण चिडली की स्वयंपाकघरात जाते आणि भांड्यांना सांगते, "आडमुठा माणूस." तोच ठेवला. रोज कानावर पडतो, विसरणार कसा.

रविवारी बायको ठेवणीतली साडी नेसून पडद्यासमोर बसली. मुलगा ड्युटीवर होता. मी डबा चालू केला, पासवर्ड दाबला. काळे ठिपके उमटले आणि डबा म्हणाला, चूक. पुन्हा दाबला. चूक. एकेक बटण बघून दाबलं. चूक.

"अहो, समोरच्या भाऊजींना हाक मारा."

"गरज नाही."

"मग मुलाला विचारा."

"त्याला तर मुळीच नाही."

"बरं, मला सांगा पासवर्ड. मी दाबते."

"तुला सांगता येत नाही."

फोन वाजला. लेक म्हणाली, "बाबा, पाळणा सजवून झालाय. आलात का तुम्ही?" म्हटलं, आलोच, दोन मिनिटं थांब. बायको उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून आवाज आला, "आडमुठा माणूस."

"तेच तर दाबतोय," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही.

पाण्याचा तांब्या घेऊन ती परत आली, तो माझ्यापुढे ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली. "अहो, काल इथं वर तिरंगा होता ना?"

"आहे की."

"कुठाय? हा कुणाचा झेंडा लावलाय?"

बघतो तर खरंच परका झेंडा. आत गेल्यावर कीबोर्ड मराठी होत होता, पण दारावर मात्र इंग्रजी उभं. बटणं तीच, बोट तेच, माझे मराठी स्टिकर तेच, आणि आत जात होतं भलतंच. ठिपक्यांच्या बुरख्याआड दिसणार तरी काय. मी त्या झेंड्यावर क्लिक केलं, खाली यादी आली, त्यातून तिरंगा निवडला. पासवर्ड दाबला. दार उघडलं. मी 'लेक'वर क्लिक केलं.

पाळण्यातली नात भरपडद्यावर आली, जांभई देत. बायको खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "नाक तुमचंच आलंय. कठीण आहे पोरीचं." मग कुर्र झालं, लेकीनं नाव सांगितलं, बायकोनं पडद्यावरूनच बोटं मोडून दृष्ट काढली.

संध्याकाळी मुलगा आला. डब्यासमोर उभा राहिला. सोमवारचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. कीबोर्ड पुढं ओढून म्हणाला, "बाबा, बारशाचे फोटो यात आलेत ना? मला बघायचेत. पासवर्ड काय आहे?"

मी पेपर वाचत होतो, वाचत राहिलो.

"आई, तुला माहितेय का?"

"मला कुठं सांगतोय," बायको आतून म्हणाली, "आडमुठा माणूस."

मुलगा बिचारा कीबोर्डवर बोटं ठेवून तसाच उभा.