जर्मनीला गेलेला भाऊ

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आई हॉस्पिटलात होती. तिचं हृदय आधीच थकलेलं. तो चाकणच्या कंपनीतली सकाळची शिफ्ट संपवून मोटारसायकलवर तिलाच भेटायला निघाला होता. हायवेवर एका कंटेनरनं त्याला उडवलं.

आईच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर पप्पा मला म्हणाले, "तिला सांगायचं नाही." डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. असा धक्का तिला सोसणार नव्हता.

पप्पांनी सगळी नोकरी आकुर्डीच्या गाड्यांच्या कारखान्यात केली. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. त्या दिवशी ते आत गेले आणि सरळ म्हणाले, "कंपनीनं पोराला जर्मनीला पाठवलंय. अचानक ठरलं. तू झोपली होतीस, पाया पडून गेला."

आई मास्कमधूनही हसली. लातूरकडच्या खेड्यातून लग्न करून इथं आलेली बाई ती. पोरगा विमानात बसला म्हणून तिनं नर्सला जवळ बोलावून सांगितलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

त्याचा जलदान विधी आम्ही राजगुरुनगरला काकांच्या घरी उरकला. परतताना वाटेत एका हॉटेलच्या नळावर तोंडं धुतली, मगच पुनावळ्याच्या फ्लॅटवर आलो. फ्लॅट नवा होता, शेजाऱ्यांशी फारशी ओळख नव्हती. त्यांनाही जर्मनीच सांगितली. माझं लग्न झालेलं, सासर चिंचवडला. पण आईला घरी आणल्यावर मी माहेरीच राहू लागले.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. त्या सत्रात विषय होता, आयुष्य चांगलं गेलं असं कधी म्हणायचं? कुणी म्हणतं, आतून सुख वाटलं की झालं. कुणी म्हणतं, मनातल्या इच्छा खरोखर पुऱ्या व्हायला हव्यात. तिसऱ्यांचं म्हणणं असं की प्रेम, ज्ञान, सत्य या गोष्टी आयुष्यात असाव्याच लागतात, मग सुख वाटो न वाटो. मी नेहमी एक उदाहरण द्यायचे. परदेशी गेलेल्या माणसानं गावात लावलेलं आंब्याचं झाड कुणीतरी कधीच तोडलंय, पण घरचे दरवर्षी त्याला कळवतात, यंदा खूप आंबे लागले. तो समाधानानं मरतो. त्याचं आयुष्य चांगलं गेलं का?

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याला कळलंच नाही, तर त्याचं बिघडलं काय?"

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर असायचं. त्या दिवशी मी "पुढच्या तासाला बोलू" म्हटलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

घरी आई विचारायची, "कामून फोन करीत नाही गं तो?"

"केला होता आई. तुझा डोळा लागला होता."

मग तिनं दुपारचं झोपणंच सोडलं. उशीला टेकून, डोळे ताणून मोबाईलकडे बघत राहायची. मान कलली की दचकून उठायची. "वाजला का?" मी नाही म्हणायचे.

पुढे पुढे तिनं विचारणंही कमी केलं. शेजारच्या काकू बसायला यायच्या, त्यांना एकदा म्हणाली, "मोठी झाली की लेकरं इसरतात." मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. हात तसाच पिठात राहिला.

तिचं सुख तरी आम्ही राखतोय, असं मला वाटत होतं. तेही राहिलं नव्हतं.

मी पप्पांना गॅलरीत नेलं. "सांगून टाकू. तिला वाटतंय, तो तिला विसरला."

"मेल्याचं दुःख तिला झेपणार नाही," पप्पा म्हणाले. "रुसव्याचं झेपेल."

"आणि त्याचं काय? तो असा होता का, पप्पा? तिलाच भेटायला निघाला होता तो."

"त्याला आता काय कळतंय?"

वर्गातल्या मुलीनं विचारलं होतं तेच. फक्त पप्पा ते म्हणताना गॅलरीचा गज घट्ट धरून उभे होते. मी आत जाऊन आईच्या गोळ्या काढल्या.

शेवटच्या आठवड्यात आईला बोलतानाही धाप लागायची. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "ताई, तो आला ना, तर त्याला कुणी रागावू नका. कामात असंल लेकरू. मी रागावले नाही म्हणून सांग."

"सांगते," मी म्हटलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती गेली.

तिला न्यायची तयारी चालली होती. सोसायटीतली माणसं खाली पार्किंगमध्ये जमली होती. शेजारच्या काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटपर्यंत वाट बघत होती हो. आणि आईच्या मातीलाही येऊ नये? कसलं हे काळीज!"

पप्पा तिथंच खुर्चीवर बसले होते. ते उठले. काकूंजवळ जाऊन म्हणाले, "माझा पोरगा तसा नव्हता." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "तो गेला हो! तिच्या आधीच गेला. तिच्याकडंच येत होता तो!"

पप्पा रडू लागले. भाऊ गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच असं मोठ्यानं रडताना पाहिलं. वर घरात आईला आता काहीच ऐकू जाणार नव्हतं, त्यामुळे आवाज दाबायचं कारण उरलं नव्हतं. मीही त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भावाला त्याच्या घरातल्या नावानं हाका मारत रडले.

तो विषय मी अजूनही शिकवते. मुलं विचारतात, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" आईनं त्याला माफ केलं, याचं मला बरं वाटावं की नाही, तेच मला अजून कळत नाही. त्यानं माफी मागावी असं काही केलंच नव्हतं.